पाऱ्याच्या दोन नळ्या

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दोन गोष्टींचा उलगडा होत नव्हता. माझ्या पोटाला काय पेलेल, ही एक; आणि पाऱ्याच्या दोन नळ्यांपैकी खरी कुठली, ही दुसरी. पहिलीचं उत्तर दुसरीत अडकलं होतं. आणि या दोन्हींवर घरची माणसं माझ्यादेखत, मी जणू ओटीवर टाकलेलं पोतं आहे अशा थाटात, मोठमोठ्यानं वाद घालत असत.

मी तेव्हा कल्याणला शाळामास्तर होतो. लग्न नुकतंच झालेलं, संसार म्हणजे दोन खोल्या आणि चार भांडी. दिवाळीनंतर मला संग्रहणीनं धरलं ते सोडीचना. खाल्लेलं अंगी लागेना, आणि होळीपर्यंत अशी अवस्था झाली की नेसलेलं धोतर कमरेवर ठरेना. वडील कोलशेतला मिठाच्या खात्यात कारकून होते. मिठागराच्या बांधाला लागूनच त्यांना राहायला कौलारू घर मिळालं होतं. ते कल्याणला आले, मला आणि बायकोला होडीत बसवलं आणि खाडीनं कोलशेतला घेऊन गेले. दोघांनी धरून मला होडीतून उतरवलं, तेव्हा आई दारात उभी होती. तिनं मला पाहिलं आणि तशीच आत निघून गेली. ती चुलीपाशी बसून रडत होती हे मला बायकोकडून नंतर कळलं. त्या वेळी मात्र मला तिचा भयंकर राग आला. आजारी माणसाला राग यायला काही लागत नाही.

वैद्यांनी माझं मीठ कल्याणलाच तोडलं होतं. ओटीवरच्या खाटेवरून बघावं तिकडे मिठाचे पांढरे ढीग उन्हात चमकत असायचे, वारा आला की ओठ खारट व्हायचे, आणि माझ्या ताटात अळणी पेज. महिनोन् महिने अळणी पेज आणि अळणी ताक. ती वाटी समोर आली की मी भिंतीकडे तोंड करायचो. बायको वाटी घेऊन तशीच बसून राहायची, आणि मी वळलो की काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं पुढे करायची. या बाईचा धीर बघून मला लाज वाटायची, पण पेज घशाखाली उतरायची नाही ती नाहीच.

शेवटी वडिलांनी ठाण्याहून डॉक्टर आणला. त्यानं पोट चाचपलं, जीभ बघितली आणि म्हणाला, "पेज पुरे झाली. पाव आणा. त्याचे पातळ काप करून निखाऱ्यावर पुन्हा भाजा, कडकडीत झाले की दुधात बुडवून द्या. ह्याच्या आतड्यांना सध्या तेवढंच झेपेल. पावसाळ्याच्या आत अंग धरायला हवं, नाहीतर मला काही सांगता येणार नाही." वडिलांना लपवाछपवी जमत नसे. त्यांनी हे सगळं, शेवटच्या वाक्यासकट, आईला माझ्यासमोरच सांगितलं.

पाव म्हटल्यावर आई ताडकन उठली. तिचं माहेर वसईकडचं. फिरंग्यांच्या अमलात गावच्या विहिरीत पाव टाकला, नकळत लोक ते पाणी प्याले आणि अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट तिनं तिच्या आजीकडून ऐकली होती. आजीनं बोट करून दाखवलेली ती विहीरही तिनं लहानपणी पाहिली होती. माझ्यासारख्या शाळेत शिकवणाऱ्याला ती गोष्ट वाटे. आईला ती विहीर होती.

"विकतचा पाव ह्या उंबऱ्याच्या आत यायचा नाही," ती म्हणाली. "घरात भाजायचा असेल तर मी दिवसभर भट्टीसमोर बसेन. पण तो पाव नको."

दुसऱ्या एखाद्या नवऱ्यानं समजूत काढली असती, नाहीतर आवाज चढवला असता. आमचे वडील सरकारी कारकून; वाक्यातला जो भाग हुकुमासारखा वाटेल तेवढाच त्यांना ऐकू यायचा. घरात भाजायचा म्हणजे घरात भट्टी हवी. कल्याणला रेल्वेचा एक इंजिनियर साहेब विलायतेला परत निघाला होता आणि त्याच्या सामानाचा लिलाव होता. वडील गेले आणि एक लोखंडी भट्टी घेऊन आले. पेटीसारखी, खाली निखाऱ्याचा खण, समोर दार. होडीतून ती किनाऱ्याला लागली तेव्हा मिठागरावरची सगळी माणसं काम टाकून बघायला जमली, आणि कारकूनसाहेबांनी तिजोरी आणली अशी बातमी घोडबंदरापर्यंत गेली.

साहेबाच्या स्वयंपाक्यानं वडिलांना एक गोष्ट निक्षून सांगितली होती. भट्टीच्या माथ्यावर एक भोक होतं, त्यात पाऱ्याची नळी बसवलेली असायची. पारा चारशेच्या खुणेवर आला की पाव आत सारायचा, अलीकडे नाही, पलीकडे नाही. मुरलेले भटारी हात आत घालून ओळखतात, पण तो हात तयार व्हायला वर्षं जातात. तुम्ही आपले काचेकडे बघा. आता नळी मात्र फुटून गेली होती आणि नुसतं भोक उरलं होतं.

वडिलांनी आधी डॉक्टरकडची ताप बघायची नळी मागितली. "अहो, ती शंभराच्या थोडी वर गेली की संपली," डॉक्टर म्हणाला. "भट्टीत घातलीत तर पारा पावात जाईल आणि मग मला बोलावूच नका." वडिलांनी घरी येऊन हेही जसंच्या तसं सांगितलं.

मग मुंबईला कोटात, म्हणजे फोर्टात, चष्मे आणि मोजणीची यंत्रं विकणाऱ्या एका दुकानात ते गेले. तिथे मोठ्या आचेच्या नळ्या दोन तऱ्हेच्या होत्या. वडिलांनी विचारलं, खरी कुठली? दुकानदार म्हणाला, दोन्ही खऱ्या. वडिलांनी दोन्ही एकमेकींजवळ धरून बघितल्या तर दुकानातल्या दुकानातच त्यांच्यात फरक. "मग दोन्ही कशा खऱ्या?" या प्रश्नावर त्या भल्या माणसानं दोन्ही हवाली केल्या: घरी नेऊन पारखा, नको ती परत पाठवा. एक होती साध्या लाकडी पेटीत, पितळी पट्टीवर बसवलेली. दुसरी तशीच, पण तिला चामड्याचं घर होतं, आत मखमल लावलेलं.

आईनं ते चामडं बघितलं मात्र, तिचा निकाल तिथेच लागला. "पेटीतली घ्या. ती दुसरी माझ्या स्वयंपाकघराच्या आसपास आणायची नाही."

"नळीचा खरेपणा घरावरून ठरत नाही," मी खाटेवरून म्हणालो.

"तू पड," आई म्हणाली.

पण पारखायची कशी हे मलाच माहीत होतं. शाळेत मुलांना दर वर्षी शिकवत होतो: समुद्रसपाटीला खळखळ उकळत्या पाण्यात पारा फॅरनहाइटच्या दोनशे बारा अंशांवर उभा राहतो. कोलशेतहून सपाट जागा आणखी कुठे शोधायची? एक भांडं पाणी उकळा, दोन्ही नळ्या बुडवा, जी दोनशे बारा दाखवील ती ठेवा. इतके महिने मी कुणाच्या उपयोगी पडलो नव्हतो. हे सांगताना माझा आवाज जरा मास्तरासारखा झाला, आणि बायको पदराआड हसली. मला फार बरं वाटलं.

वडिलांनी परसात तीन दगड मांडून चूल केली, कारण चामड्याच्या पाहुणीला घरातली चूल बंद होती. मला खाटेवरून परस दिसत नव्हतं. लाकडं फुटल्याचा आवाज आला, मग बराच वेळ धूर. शेवटी वडील ओटीवर आले, कपाळ पुसलं आणि जाहीर केलं, "पेटीतली दोनशे बारा. अगदी रेघेवर. चामड्याची दोनशे सव्वीसवर गेली, बेटी खोटारडी."

"मी म्हटलंच होतं," आई म्हणाली.

चामड्याची नळी बांधून ठेवली. कोपरीला वडिलांचे एक खात्यातले स्नेही राहत. स्टेशन त्यांना जवळ, मुंबईला त्यांची नेहमी खेप असे. पुडकं त्यांच्याकडे पोचतं झालं.

आईनं गव्हाचं पीठ वस्त्रगाळ केलं. पाव फुगवायला भटारी ताडी घालतात, तिचा तर प्रश्नच नव्हता. आंबोळ्यांसाठी पीठ आंबवायचा तिचा हात होता, त्याच हातानं तिनं कणीक आंबवली आणि ती फुगून वर आली तेव्हा सगळ्यांना बोलावून दाखवली. बायको निखारे सारत होती, वडील माथ्यावरच्या नळीला डोळा लावून उभे. चारशे झाले, दार उघडलं, पाव आत गेला. बाहेर आला तो वरून काळाठिक्कर आणि आत गिजगिजीत.

पहिलाच आहे म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. दुसरा तसाच निघाला. मग आंबवण्याला दोष दिला, पिठाला दिला, कोळशाला दिला, साहेबाच्या स्वयंपाक्याला तर यथेच्छ दिला. नळीला दोष देणं कुणाच्या मनात आलं नाही, कारण ती परीक्षा देऊन पास झालेली होती. एका पावाच्या मधला त्यातल्या त्यात बरा भाग आईनं काढला, शेकला आणि दुधात कालवून मला दिला. तो कच्चाच होता. त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. बायकोचा हात आठवतो, आणि वडील खाटेच्या पायाशी उभे राहून काहीच न करता नुसते उभे असलेले आठवतात.

मी जरा शुद्धीवर आलो त्या दुपारी आई ओटीवर आली. मी डोळे मिटून पडलो होतो. ती वडिलांना म्हणाली, "अहो, ठाण्याला जा आणि पाव आणा. मी तो पाण्यापासून लांब ठेवीन. त्याला मीच भरवीन आणि आंघोळ करीन. मग जे व्हायचं ते माझं होवो."

  ती विहीर आईच्या आयुष्यात केवढी मोठी होती हे मला ठाऊक होतं, आणि माझ्यासाठी ती तिच्या काठावर येऊन उभी राहिली होती. डोळे उघडून मी म्हणालो, "आजचा दिवस थांबा. ती नळी मला बघू दे." खरं सांगायचं तर बघण्यासारखं काही आहे असं मला वाटत नव्हतं. आईला एक दिवस मिळावा एवढंच होतं.

वडिलांनी भट्टीतून नळी उपसून आणली आणि माझ्या छातीवर ठेवली. "बघ बाबा. तुझं पुस्तक काय म्हणतं ते बघ." त्यांचा सूर कडू होता आणि तो असायलाच हवा होता.

मी नळी उन्हाकडे धरली. आकडे ठीक होते, काच सलग होती. काचेच्या मागे, पितळी पट्टीच्या खाचेत काहीतरी पांढरं साचलेलं दिसलं. राख असेल म्हणून मी नखानं खरवडलं. राख बोटावर पसरते, हे कणाकणानं सुटं झालं. आजारी माणसाला दिवसभर दुसरा उद्योग नसतो. मी बोट जिभेवर ठेवलं.

मीठ होतं. इतक्या महिन्यांनी माझ्या जिभेला मीठ लागलं आणि तोंडाला असं पाणी सुटलं की मला क्षणभर काही सुचेना. मी पुन्हा खरवडलं आणि पुन्हा चाटलं. वडिलांना वाटलं मला भ्रम झाला.

"नळी कुठल्या पाण्यात उकळलीत?" मी विचारलं.

"पाण्यात म्हणजे पाण्यात. समोरच्या कोंडीतल्या."

समोरची कोंडी म्हणजे मिठागराचा अगदी शेवटचा वाफा. त्यात वैशाखाच्या उन्हात आटून आटून मीठ धरायच्या बेताला आलेलं पाणी होतं. आमच्याकडे गोड्या पाण्याची विहीर पार गावापलीकडे, आणि तिथून कळशा आणायची ती माझी बायको. अंगण, भांडी, पाय धुणं, सगळं खाऱ्या पाण्यात चालायचं. गोडं फक्त पिण्याला आणि शिजवायला. "सुनेनं डोक्यावरून आणलेलं पाणी काय काचा उकडायला घालू?" वडील म्हणाले. त्यांनी हे चांगुलपणानं केलं होतं, आणि कोलशेतच्या कुठल्याही शहाण्या माणसानं हेच केलं असतं.

मी म्हणालो, "आबा, मिठाचं पाणी दोनशे बाराला उकळत नाही. त्याला जास्त आच लागते." हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, पण तोवर त्याची गरज कधी पडली नव्हती. दोनशे सव्वीस दाखवणारी चामड्याची नळी खरं सांगत होती. दोनशे बारा दाखवणारी ही आमची गुणी मुलगी पुरे चौदा अंशांनी खोटी होती, आणि वर चढत गेल्यावर तिचं खोटं किती वाढत होतं ते तिलाच ठाऊक. तिच्या चारशेला आत आगडोंब असणार.

वडिलांचा सगळा जन्म मिठात गेला होता. पण मिठागरावर पाणी आटवायचं काम ऊन करतं. ते चुलीवर चढवून बघायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. त्यांनी नळीकडे पाहिलं, कोंडीकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असा काही भाव आला की मला हसावं की रडावं कळेना. "मिठानंच मला फसवावं," एवढंच म्हणाले. पागोटं डोक्यावर ठेवलं आणि भर उन्हात कोपरीची वाट धरली.

दुपारभर आम्ही वाट बघितली. स्नेह्यांनी मुंबईची खेप केली असेल तर सगळंच मुसळ केरात. आई दर थोड्या वेळानं बांधावर जाऊन रस्ता बघून यायची. उन्हं कलती झाली तेव्हा वडील आले. पागोटं घामानं भिजलेलं, आणि काखेत पुडकं. स्नेही उद्याच्या गाडीनं निघणार होते.

वडिलांनी पुन्हा परसाकडे जायला पाऊल उचललं. आई म्हणाली, "तिकडे कुठे? आत या."

तिनं चामड्याचं घर ओटीवर ठेवायला लावलं, तेवढी तिची अट. मग तिनं स्वतः पिण्याच्या हंड्यावरचं झाकण काढलं, तांब्या बुडवून गोडं पाणी पातेल्यात ओतलं आणि पातेलं घरातल्या चुलीवर ठेवलं, जिथे नैवेद्याचा भात शिजायचा. कोण कुठल्या, कोणाच्या हातून आलेल्या त्या काचा तिनं तिच्या पाण्यात बुडू दिल्या. ते बघण्यासाठी बायकोनं मला धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आणलं. किती दिवसांनी मी चाललो होतो. पाणी खळखळू लागलं. चामड्याची नळी दोनशे बारावर जाऊन उभी राहिली ती हललीच नाही. पेटीतली बिचारी एकशे अठ्ठ्याण्णवला थकली.

"हीच ठेवा," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी पेटली. वडिलांनी नळी बसवताना जन्मात कधी केली नसेल एवढी काळजी घेतली. पारा चारशेला आला, बायकोनं दार उघडलं, आईनं पाव आत सारला.  काही वेळानं वास आला. मी खाटेवर उठून बसलो. भाजल्या गव्हाचा तो वास मिठागराच्या वाऱ्यातून ओटीवर आला आणि मला भूक लागली. भूक कशी असते हे मी विसरून गेलो होतो, म्हणून आधी मला ते दुखणंच वाटलं.

पाव बाहेर आला तो तांबूस, टम्म फुगलेला, तळाला वाजवला तर पोकळ आवाज देणारा. वडिलांनी त्याचे पातळ काप केले, बायकोनं निखाऱ्यावर कडक भाजले. ताटलीत घालून आईनं ते ओटीवर आणले, आणि माझ्यापाशी येऊन ती थबकली. इतके दिवस जळके गोळे निघत होते, त्यांना कुणी पाव म्हटलं नसतं. हा मात्र हुबेहूब पाव होता, तिच्या आजीच्या गोष्टीतल्यासारखा. घरात भाजलेला, तिनंच मळलेला, पण पावच. तिच्या चेहऱ्यावर ते मला स्वच्छ दिसलं.

मी हात पुढे केला. तिनं ताटली मागे घेतली.

"थांब. आधी मी खाते," ती म्हणाली. "व्हायचं ते आधी मला होऊ दे."

तिनं एक तुकडा मोडला, देवघराकडे एकदा पाहिलं आणि तोंडात घातला. ती उभ्यानंच चावत राहिली. वडील भट्टीशेजारून बघत होते, बायको दारात. आई चावत होती आणि आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघत होतो. शेवटी तिनं गिळलं.

"मीठ नाही ह्यात," ती म्हणाली, आणि ताटली माझ्या मांडीवर ठेवली.

मी हसायला लागलो. वडील हसले, बायको तोंडाला पदर लावून वळली. आईला आम्ही का हसतो ते कळेना, पण तीही जरा हसली आणि माझ्या शेजारी खाटेवर टेकली. मी काप दुधात बुडवला आणि खाल्ला. मग दुसरा खाल्ला. तिसऱ्याच्या वेळी तिनं ताटली काढून घेतली आणि म्हणाली, आता उद्या.